साखर न घालता, कमी कर्बोदकांचा सोपा चॉकलेटचा गोड पदार्थ घरी कसा करावा?

चॉकलेट मूस करा, म्हणजे फेटलेल्या क्रीमचा हलका, मऊ गोड पदार्थ. ओव्हन लागत नाही आणि हाताचं काम दहाएक मिनिटांचंच, बाकी वेळ गार होण्याचा.

२०० मिली थंडगार व्हिपिंग क्रीम घ्या, पण डब्यावर ‘साखरविरहित’ आहे ना ते आधी वाचा, कारण बऱ्याच क्रीममध्ये साखर आधीच असते. २० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर तीन मोठे चमचे गरम पाण्यात कालवून गुळगुळीत पेस्ट करा. ही पायरी टाळू नका! कोरी कोको क्रीममध्ये घातली की गुठळ्या होतात, आणि गरम पाण्याने कोकोचा स्वाद खुलतो तो वेगळाच. पेस्ट पूर्ण गार होऊ द्या.

गोडीसाठी ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड), मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं बारीक करून. जाडसर राहिलं तर गार झाल्यावर दाताखाली कचकचतं. त्याची गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के असते, म्हणून चाखूनच वाढवा. माल्टिटॉल हा साखरेचा दुसरा पर्याय मात्र मी घेणार नाही, त्याने रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढते.

आता क्रीम, पेस्ट, एरिथ्रिटॉल, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला एकत्र फेटा. मऊ शिखरं उभी राहिली (फेटणी उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून हलकेच वाकलं) की लगेच थांबा, पुढे गेलात तर लोणी सुटायला लागेल. चार वाट्यांत भरून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. तंतू (फायबर) आणि एरिथ्रिटॉल वगळता एका वाटीत साधारण ३ ग्रॅम कर्बोदकं येतात. स्निग्धांश मात्र भरपूर, त्यामुळे वाटी लहानच घ्या. वरून भाजलेल्या बदामाचे काप छान लागतात.