बाटलीत विझलेला निळा उजेड

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलीने आणि मी गणेश पेठेतून आणलेले माकूळ (स्क्विड) मिठाच्या पाण्यात ठेवले होते. दुसऱ्या रात्री त्यावर निळसर उजेडाचे ठिपके दिसले. ते खरवडून पाण्यासह बाटलीत गच्च बंद केले, तर थोड्याच वेळात उजेड गेला. उजेड देणारे जिवाणू मेले का? त्यांना घरी वाढवता येईल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मेले असतीलच असे नाही, बहुधा त्यांची हवा संपली. या जिवाणूंमधील ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या साहाय्याने उजेड निर्माण करते, आणि बंद बाटलीतील ऑक्सिजन जिवाणू स्वतःच श्वसनात संपवून टाकतात. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांनी १६६८ मध्ये चमकणारे लाकूड आणि मासे हवापंपाखाली ठेवून, हवा काढताच उजेड मावळतो हे दाखवले होते. पुन्हा प्रयोग कराल तेव्हा बाटली अर्धीच भरावी, तोंडाला कापसाचा बोळा लावावा आणि अंधारात ती हलवून पाहावी; उजेड परतला तर शंका फिटली.

दुसरे कारण संख्येचे असू शकते. हे जिवाणू एक रासायनिक संदेशद्रव्य बाहेर सोडतात आणि दाटी होऊन ते पुरेसे साचले की मगच उजळतात, त्यामुळे भरपूर पाण्यात पातळ केलेले जिवाणू जिवंत असूनही अंधारेच राहतात.

मिठाचे प्रमाण लिटरला सुमारे ३० ग्रॅम असावे. मासळी नळाच्या पाण्याने धुऊन घेतली, तर समुद्री जिवाणू त्या गोड्या पाण्यात फुटतात. म्हणून ती न धुता मागावी (रोहू-कटला हे गोड्या पाण्यातले मासे अर्थातच उपयोगाचे नाहीत). तिचा काही भाग पाण्याबाहेर ठेवून भांडे थंड जागी ठेवावे. पुण्याच्या एप्रिलमध्ये हा खटाटोप करूच नये. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला अनुकूल.

वाढवण्याविषयी मात्र आमचे मत स्पष्ट आहे : माशावरील उजेड घरी जरूर पाहावा, पण पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जिवाणूंचे खाद्य), यीस्टचा अर्क, ग्लिसरॉल आणि मीठ घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, शुद्ध वाण (एकाच प्रकारचे जिवाणू) वेगळा करण्याचे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. बाजारातल्या मासळीवर चमकणाऱ्यांच्या जोडीला जखमेतून संसर्ग करणारे व्हिब्रिओ गटातले जिवाणूही असू शकतात, आणि ते अगारवर तितक्याच उत्साहाने वाढतात. ओळखीचा शुद्ध वाण हवा असल्यास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे शिक्षकांमार्फत विचारणा करावी.

घरच्या प्रयोगातील भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत, मासळी खाऊ नये, हाताला चीर असेल तर हातमोजे घालावेत आणि उरलेल्या पाण्यात ब्लीच मिसळून ते अर्ध्या तासाने ओतून द्यावे.

प्रदर्शनासाठी आयोजकांकडून पूर्ण अंधारी खोली मागून घ्यावी. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ न थांबणाऱ्या पाहुण्याला आपल्या बाटलीत काहीही दिसणार नाही.