फी थकली म्हणून वकील केसची फाईल परत देत नाहीत. त्यांना तसं करता येतं का?

नाही, थकलेल्या फीसाठी वकिलांना पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं की फाईलवर वकिलाचा असा हक्क नाही आणि ती मागूनही न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फाईलच नसेल तर माणूस दुसरा वकील करणार कसा?

आधी स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा, पोचपावती जपून ठेवा. तरीही दिली नाही तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे (वकिलांची नियामक संस्था) अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली तक्रार करा. समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंतची शिक्षा शिस्तपालन समिती देऊ शकते. निकाल एका वर्षात लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

मात्र यामुळे तुमची फी माफ होत नाही. वकील तिच्यासाठी वेगळा दावा लावू शकतात. आणि तारीख जवळ असेल तर तक्रारीच्या निकालाची वाट बघत बसू नका, कोर्टातून कागदपत्रांच्या प्रमाणित नकला आजच मागवा.