चिकटवण्याआधी

आईच्या पातळाचा काठ, एसटीची तिकिटं, २०१९ च्या पुरात भिजलेली घरखर्चाची वही... कोलाजसाठी, म्हणजे तुकडे चिकटवून करायच्या चित्रासाठी, सांगलीतल्या तुझ्या घराचं केवढं काय जमवलंयस तू! जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सही १९१९ च्या सुमारास अशीच टाकाऊ तिकिटं, वेष्टनं चिकटवून चित्रं करू लागला होता.

पुराचा कागद आधी सावलीत पूर्ण वाळव. बुरशी अंगणात, नाकातोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशनं झटक. गाळाची रेघ मात्र राहू दे, फाटकी कडही कात्रीनं सरळ करू नकोस; माझ्या मते माणूस तिथंच दिसतो. मैद्याच्या खळीला कसर लागते, म्हणून फेविकॉल पातळ करून घे. वर्तमानपत्र उजेडात पिवळं पडून ठिसूळ होतं, ते चालणार असेल तरच वापर. आजीच्या हातची पत्रं असतील तर आधी स्कॅन कर, चित्रात प्रतच चिकटव.