फोटोतला पिरॅमिड आणि रसेलसाहेब

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय की यहोवाच्या साक्षीदारांचे संस्थापक चार्ल्स टेझ रसेल हे फ्रीमेसन होते, त्यांच्या कबरीवर पिरॅमिड आहे (फोटो पण आहे), आणि एका भाषणात ते स्वतःच "मी मेसन आहे" म्हणाले. ती माणसं अधूनमधून आमच्या दारावर येतात, हे वाचल्यापासून आई बेल वाजली तरी दार उघडत नाही. खरं काय? (एक वाचक, वसई)

उत्तर: फ्रीमेसन किंवा मेसन म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सदस्य, मूळ शब्दाचा अर्थ दगड घडवणारा गवंडी. आधी ते भाषण घेऊ, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मेसन लोकांच्याच एका हॉलमध्ये रसेल बोलले, विषय होता देवाचं मंदिर, आणि जागा बघून त्यांनी उपमा ताणली की खरा दगड घडवणारा म्हणजे येशूचा अनुयायी, त्या अर्थाने मीही मेसनच. पण त्याच भाषणात आपण कधीच मेसन नव्हतो असंही त्यांनी सांगितलं, फॉरवर्डवाल्याने ते वाक्य बरोब्बर कापलंय.

आता पिरॅमिड. फोटो खरा आहे, पण ती कबर नाही. रसेल १९१६ ला गेले, पिट्सबर्गजवळ पुरले, आणि काही वर्षांनी त्याच प्लॉटवर त्यांच्या वॉच टॉवर संस्थेच्या लोकांनी तो पिरॅमिड स्मारक म्हणून बांधला, रसेलचा दगड वेगळा आहे. पिरॅमिडच का, तर गिझाचा मोठा पिरॅमिड म्हणजे देवाने दगडात लिहिलेलं भविष्य असं ते मानायचे. हे खूळ मेसनांकडून आलेलं नाही, स्कॉटलंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांच्यासारख्यांकडून आलंय, त्या काळात चांगले शिकलेले लोक इंच मोजत बसलेले. गंमत म्हणजे रसेलच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत पिरॅमिडच्या आतला एक रस्ता ३४१६ इंच होता आणि नंतरच्या आवृत्तीत तोच ३४५७ झाला, कारण एक इंच म्हणजे एक वर्ष धरून भाकिताचा हिशोब १८७४ ऐवजी १९१५ ला आणायचा होता! १९२८ मध्ये त्यांच्या वारसदाराने, रदरफर्डने, पिरॅमिडचा नाद संस्थेतून काढूनच टाकला.

पुरावा म्हणून आणखी एक चिन्ह दाखवतात, मुकुटातला क्रॉस. तो त्यांच्या मासिकावर १९३१ पर्यंत होता आणि मेसनांच्या नाइट्स टेम्प्लर या शाखेतही आहे, हे खरं. पण ते ख्रिस्ती लोकांचं जुनं चिन्ह, ख्रिश्चन सायन्स या दुसऱ्या पंथाचे लोक पण वापरतात. तेवढ्यावर मेंबरशिप ठरवायची तर आपल्याकडचे निम्मे लोगो मेसनांच्या लॉजमध्ये (म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेत) जातील.

मेंबरशिप कळते ती लॉजच्या नोंदीत. आणि मेसन लोक मोठी नावं लपवत नाहीत हो, विवेकानंद १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये गेले हे ते आजही कौतुकाने सांगतात. रसेल आमचे नव्हते, असं मेसनच म्हणतात.

माझं विचाराल तर त्यांच्यावर टीका करायला खरा माल भरपूर आहे. १९१४ मध्ये सध्याची जगाची व्यवस्था संपेल हे फसलेलं भाकीत आहे, शिवाय एक डॉलर पौंडाने विकलेला "चमत्कारी गहू" आहे, त्यावरून एका वर्तमानपत्रावर त्यांनी केस केली आणि हरले.

आईंना सांगा, दार उघडायचं की नाही ते त्यांनी दारावरच्या माणसाचं बोलणं ऐकून ठरवावं. आणि तो पिरॅमिड बघायला कुणी पिट्सबर्गला निघालं असेल तर थांबवा, २०२१ मध्येच तो पाडलाय.