ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतो का?

तुम्ही विचारलंय, ग्रह एका रेषेत आले किंवा पौर्णिमा-अमावास्या असली की भूकंप होतो, यात काही तथ्य आहे का? वाचून आजी आठवली. आम्ही उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गणपती विसर्जन आटोपून सगळे गाढ झोपलेले. त्या दिवशी पौर्णिमा होती. ‘पुनवंनं घात केला,’ असं आजी शेवटपर्यंत म्हणायची आणि दर पुनवेला अंथरूण अंगणात टाकायची.

चंद्राचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. चंद्र-सूर्य समुद्रासारखेच जमिनीलाही ओढतात. आपल्या पायाखालची जमीन रोज दोनदा जवळजवळ फूटभर वर-खाली होते, आपल्याला जाणवत नाही इतकंच. पण त्यामुळे खडकावर येणारा ताण म्हणजे एक-दोन वीत पाण्याच्या थराचं वजन. भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच्या शेकडो पट असतो. एखादा प्रस्तर आधीच तुटायला टेकला असेल, तर चंद्राचं निमित्त पुरू शकतं. टोकियोतल्या संशोधकांना २०१६ साली फार मोठ्या भूकंपांच्या बाबतीत असा किंचित कल दिसलाही. पण त्यावरून जागा किंवा तारीख सांगता येत नाही.

ग्रहांचं तर सोडूनच द्या. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ही ओढ चंद्राच्या पंधरा हजाराव्या हिश्श्याएवढी, गुरूची लाखाव्या हिश्श्याएवढीसुद्धा नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत मकरेत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत आले, तेव्हा प्रलय होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. प्रलय काही आला नाही. (यज्ञांमुळेच टळला, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये.)

मग पौर्णिमाच का लक्षात राहते? पौर्णिमा-अमावास्येच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस धरले तर महिन्यातले दहा दिवस होतात. म्हणजे एक तृतीयांश भूकंप नुसत्या योगायोगानेच त्यात बसणार. उरलेल्यांची तिथी कोण बघतो? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पौर्णिमेला पाच दिवस होते. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा तर शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीच्या सुमाराचा, म्हणजे भांगाच्या भरतीचे दिवस, जेव्हा ही ओढ सर्वांत कमी असते. अमेरिकेच्या भूकंपतज्ज्ञ सुझन हफ यांनी ८ आणि त्याहून जास्त तीव्रतेच्या भूकंपांना ठरावीक तारखा किंवा चंद्राच्या ठरावीक कला असतात का, हे तपासून २०१८ साली निबंध लिहिला. त्याचा सारांश एका शब्दाचा आहे : नाही.

किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर पडून. आमचं घरही माळवदाचंच होतं. आजी अंगणात झोपायची यात चूक काहीच नव्हतं. फक्त ती महिन्यातून एकदाच झोपायची.