जुन्या जीपवर नंबर पंच करून घ्यायचा का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात एक जुनी विलीज जीप घेतली, आरसीवर इंजिन नंबर एमबीने सुरू होतो पण इंजिनावर जीपीडब्ल्यू दिसतंय, चासी नंबर तर कुठे सापडतच नाही, आरटीओने ट्रान्स्फर अडवली आणि एजंट म्हणतोय आरसीवरचा नंबर गाडीवर पंच करून (म्हणजे ठोकून) देतो. हे अजिबात करू नका! सध्या फक्त कागदाचा घोळ आहे, पंच केलात की फौजदारी होईल, आणि घासलेल्या जागी ॲसिड लावून फॉरेन्सिकवाले जुना आकडा वर आणू शकतात.

आधी गाडीखाली जाऊन नीट बघा. एमबी म्हणजे विलीजची, जीपीडब्ल्यू म्हणजे फोर्डची, डिझाइन एकच. रेडिएटरखालचा आडवा मेंबर (चासीचा दांडा) गोल पाइप असेल तर चासी विलीजची, उलट्या यू सारखा असेल तर फोर्डची. विलीजचा नंबर डाव्या चासी मेंबरच्या (लांब दांड्याच्या) आतल्या बाजूला, पुढे, छोट्या पट्टीवर असतो, ती पट्टी बऱ्याचदा गायबच असते. फोर्डचा त्याच मेंबरच्या वरच्या अंगाला थेट ठोकलेला, रंगाखाली बुजलेला. घासू नका, पेंट रिमूव्हर लावा आणि मोबाइलवर शूटिंग चालू ठेवा.

इंजिन वेगळं निघालं म्हणून लगेच गाडी चोरीची होत नाही. विलीजमध्ये इंजिन नि चासीचा नंबर कारखान्यातूनच वेगळा यायचा, फोर्डमध्ये एकच, आणि लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास इकडची तिकडे व्हायची. इंजिन बदलल्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली होते, मुदत 14 दिवसांची, ती केव्हाच गेली, तरी अर्ज करा, पण तो विकणाऱ्याच्या सहीने, कारण आरसी अजून त्याच्याच नावावर आहे.

खरी अडचण चासीची. डॅशबोर्डवरच्या प्लेटवर भिस्त ठेवू नका, तशा नव्या प्लेटा विकत मिळतात. आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट (त्यांच्या दफ्तरातल्या गाडीच्या नोंदीचा उतारा) काढा, जुन्या नोंदी त्यात बघायला मिळतील, एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय या चोरीच्या गाड्या तपासायच्या ऑनलाइन सेवेवर आरसीवरचे आणि गाडीवरचे सगळे नंबर टाकून बघा, आणि लेखी अर्ज देऊन तपासणी मागा. नंबर नव्याने ठोकायचाच झाला तर आरटीओच्या लेखी आदेशानेच.

व्हिंटेज नोंदणीचा विचार आत्ता सोडा. 20,000 रुपये फी भरूनही, 50 वर्षांहून जुनी आणि इंजिन-चासीत फेरफार नसलेली गाडीच त्यात बसते.

विकणाऱ्याचे काही पैसे द्यायचे राहिले असतील तर थांबवा आणि करारात कुठला चासी नंबर लिहिलाय तो मला कळवा, विकणाऱ्याला द्यायची नोटीस त्यावरच बेतावी लागेल.