'औद्योगिक रचना' की 'क्षेत्रनिहाय रचना'? आणि पैसे घेऊन केली तर ती 'सेवा' कशी?

प्रश्न असा आलाय की महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवरच्या लेखाला "सेवाप्रधान राज्याची औद्योगिक रचना" असं शीर्षक दिलं तर चालेल का, कारण एका वाचकाने हटकलं की सेवा म्हणताय तर मग औद्योगिक कसं, आणि पैसे मोजून घेतात ती कसली सेवा.

माझं मत, औद्योगिक काढा आणि त्याजागी क्षेत्रनिहाय, म्हणजे शेती, उद्योग, सेवा अशा क्षेत्रांप्रमाणे, असं घाला. सेवा ठेवा, पण त्यापुढचा 'प्रधान' जरा जपून.

उद्योग म्हणजे मुळात कारखाना नाहीच, उद् अधिक युज्, कामाला जुंपून घेणं, खटपट करणं. "उद्योगाचे घरी ऋद्धी सिद्धी पाणी भरी" म्हणताना कुणाच्या डोळ्यासमोर धुराडं येत नाही, आणि पोराने घड्याळ खोलून ठेवलं की आई "काय उद्योग करून ठेवलास" म्हणते तेव्हाही नाही. कारखान्याचा अर्थ नंतर चिकटला, पण गंमत बघा, नाम अजून सैल आहे, म्हणून पर्यटन उद्योग, चित्रपट उद्योग हे कानाला खटकत नाही, विशेषण मात्र घट्ट झालंय. औद्योगिक वसाहत, औद्योगिक न्यायालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, सगळीकडे कारखान्याचाच वास. म्हणून तुमच्या वाचकाला अडखळायला झालं, त्याचं काही चुकलं नाही.

सरकारी कागदांतही हा घोळ आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण 2008, म्हणजे कोणतं काम कुठल्या गटात धरायचं याची सरकारी यादी, उघडली तर त्यात 21 विभाग आहेत आणि पहिलाच शेतीचा, पुढे शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, केशकर्तनालयं, अगदी घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत सगळं येतं, म्हणजे इथे 'औद्योगिक' म्हणजे 'कोणतंही आर्थिक काम'. आणि राज्याची आर्थिक पाहणी घेतली तर तिथे तीन खण, कृषी व संलग्न कार्ये, उद्योग, सेवा, आणि यातल्या उद्योगात फक्त खाणकाम, वस्तुनिर्माण, वीज-वायू-पाणीपुरवठा आणि बांधकाम. म्हणजे सलून औद्योगिक वर्गीकरणात आहे पण उद्योगात नाही! वर आणखी तिसरा अर्थ, 'उद्योगाचा दर्जा'. चित्रपटाला तो केंद्राने 1998 साली जाहीर केला, महाराष्ट्राने 2020 मध्ये हॉटेलांना दिला, पण तो बँकेचं कर्ज, विजेचा दर, कर असल्या गोष्टींसाठी. दर्जा उद्योगाचा मिळाला तरी हॉटेलचं उत्पन्न आकडेवारीत सेवेतच धरतात.

आता सेवा. पैसे घेतले की सेवा नाही हे मला पटत नाही, कारण सेवानिवृत्त, सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, लोकसेवा आयोग हे सगळे पगारी शब्द आपण कधीपासून वापरतोय. बिलावर सुद्धा 1994 पासून सेवा कर होता, सुरुवातीला फक्त टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तिघांवर 5 टक्के. खरी अडचण पैशाची नाहीच, ती दुसरीकडे आहे.

बोलण्यात आपण 'सर्व्हिस' कशाला म्हणतो? नोकरीला. माझा मामा पिंपरीला कारखान्यात फिटर होता आणि आजी सगळ्यांना अभिमानाने सांगायची, "तो सर्व्हिसला आहे." आकडेवारीत मामा उद्योगात. उलट वडापावची गाडी लावणारा, रिक्षावाला, खानावळ चालवणाऱ्या काकू, किराणा दुकानदार, हे स्वतःला धंदेवाले म्हणतील, सर्व्हिसला आहोत असं कधीच म्हणणार नाहीत, आणि हे सगळे सेवा क्षेत्रात! बोलीतला शब्द पैसे कसे मिळतात ते बघतो, पगार की गल्ला, आणि आकडेवारीतला शब्द बघतो की तुम्ही ज्या आस्थापनेत काम करता तिचं मुख्य काम काय. कारखान्याच्या स्वतःच्या कँटीनचा आचारी उद्योगात मोजला जातो, कँटीन कंत्राटदाराला दिलं की तोच आचारी, तीच भाजी, तेच कामगार जेवायला, पण तो सेवेत गेला. हिंजवडीचं आयटी पार्क तर औद्योगिक विकास महामंडळाच्याच जमिनीवर, लोक म्हणतात "एमायडीसीत कामाला आहे", आणि काम सगळं सेवेचं.

आपल्याकडची जुनी वाटणी आठवा, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. त्यात कारखाना नाहीच, आणि आजच्या हिशेबात त्यातला व्यापार पूर्ण आणि नोकरी बरीचशी सेवेतच येते.

मला स्वतःला जे टोचतं ते वेगळंच आहे. तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहता, कुणाला एक पैसा भाडं देत नाही, तरी त्या घराचं अंदाजे भाडं धरून ते राज्याच्या उत्पन्नात सेवा म्हणून मिळवतात. आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणारी सून, जिच्या कामाला मराठीत सेवा सोडून दुसरा शब्द नाही, तिचं काम त्या आकड्यात शून्य. त्यासाठी पगारी बाई ठेवली की लगेच धरतात. म्हणून लेखात सेवा शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगून टाका की इथे हा शब्द हिशेबातला आहे, व्यवहारातला नाही.

'प्रधान'बद्दलही एक. महाराष्ट्राच्या मूल्यवृद्धीत, म्हणजे ढोबळमानाने राज्याच्या उत्पन्नात, सेवांचा वाटा साधारण तीन पंचमांश आहे हे खरं, पण 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त लोक शेतकरी नाहीतर शेतमजूर होते. म्हणजे उत्पन्नाने सेवाप्रधान, माणसांनी नाही, आणि नुसतं सेवाप्रधान राज्य लिहिलं की यवतमाळच्या वाचकाला वाटणार आपण या राज्यात नाहीच की काय.

सेवा क्षेत्रासाठीचा पाठ्यपुस्तकातला शब्द 'तृतीयक' टाळा, बरोबर आहे पण कुणी बोलत नाही. 'क्षेत्रनिहाय' मात्र पाहणीतही चालतो आणि वर्तमानपत्रातही, शेती उद्योग सेवा तिन्ही त्यात मावतात. मी असं शीर्षक देईन: "उत्पन्न सेवांचं, माणसं शेतीत: महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेची क्षेत्रनिहाय रचना". लांब वाटलं तर पहिला अर्धा भाग उपशीर्षकात टाका, पण गाळू नका.